‘बसा, उठू नका!’ : दीर्घ निष्क्रियता आणि खुब्याचे स्नायू



ज्यांच्या स्मरणार्थ आपली शाळा हे व्याख्यान योजते, ते आमचे व्यायामशिक्षक. आम्ही मुले त्यांना ‘कवायतीचे सर’ म्हणत असू. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराच्या आखाड्यात त्यांचे शरीर घडले होते आणि आमचीही शरीरे घडावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. माझ्या बाबतीत ती फारशी सफल झाली नाही. मी मराठीचा प्राध्यापक झालो. पस्तीस वर्षे संतकाव्य आणि भाषाशास्त्र शिकवले आणि त्यांतील बराचसा काळ खुर्चीत बसून काढला. म्हणूनच या व्याख्यानासाठी ‘मराठी भाषेचे भवितव्य’ हा विषय सुचविला गेला, तेव्हा मी तो नम्रपणे बाजूला ठेवला आणि खुब्याच्या स्नायूंविषयी बोलण्याची परवानगी मागितली. मी वैद्य नाही. परंतु या विषयाचे शिक्षण मला घरातच, आणि फार मोठी किंमत मोजून, घ्यावे लागले. ते आपल्यापुढे मांडणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

१. एक आदरार्थी वाक्य

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणत असू, २०१५ च्या पावसाळ्यात न्यूमोनियाने आजारी पडली. तेव्हा तिचे वय ८१ वर्षांचे होते. त्यापूर्वी ती घरातली सगळी कामे करीत असे. दुपारी झोपाळ्यावर बसून पायाने हलकेच रेटा देत वर्तमानपत्र वाचीत असे. रुग्णालयात बारा दिवस गेले. ती घरी आली तेव्हा आम्ही सर्वांनी मिळून ठरविले, की आता अक्काला काडीचाही त्रास होऊ द्यायचा नाही. पाण्याचा पेला हातात, जेवण अंथरुणावर, इतर सर्व विधीही अंथरुणावरच. ती जराशी हलली, तरी मी म्हणे, “अक्का, तू उठू नकोस, काय हवे ते मी आणतो.” भेटीला येणारे शेजारीपाजारी तिने उठण्याची हालचाल करताच हात जोडून म्हणत, “अक्का, बसा, बसा, उठू नका!”

पाच आठवडे असे गेले. ताप केव्हाच गेला होता, अन्नाला चव आली होती. एके सकाळी ती पलंगाच्या कडेला आली, दोन्ही हातांनी गादी रेटली आणि तशीच बसून राहिली. मला म्हणाली, “पायच ऐकत नाहीत रे माझे.” पुढे काठीने, भिंतीच्या आधाराने ती थोडीफार चालू लागली, पण दोन महिन्यांनी एका रात्री न्हाणीघराकडे जाताना पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. पुढची दिवाळी तिने पाहिली नाही.

तिच्या मृत्यूला केवळ आमची माया कारण झाली, असे मी म्हणणार नाही. वय होते, आजार होता. परंतु त्या पाच आठवड्यांत तिच्या शरीरात नेमके काय घडत होते, हे मला तेव्हा ठाऊक असते, तर मी तिला ‘उठू नकोस’ असे म्हटले नसते, एवढे मात्र निश्चित.

२. खुब्याची रचना

आपल्या मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. कमरेच्या हाडांचे जे कडे आहे, त्याला शास्त्रीय भाषेत श्रोणी म्हणतात. तिच्या बाजूला असलेल्या खोलगट वाटीत हा चेंडू बसतो. हाच खुबा. सर्व दिशांना फिरू शकणारा आणि तरीही शरीराचा भार पेलणारा हा सांधा त्याच्याभोवतीच्या स्नायूंच्या बळावर चालतो. त्या स्नायूंचे समजण्यापुरते तीन गट करू.

पहिला गट मागचा. नितंबाचा महास्नायू हा शरीरातील सर्वांत मोठा स्नायू होय. मांडी मागे नेणे, म्हणजेच वाकलेला खुबा सरळ करणे, हे त्याचे मुख्य काम. सपाट रस्त्यावर सावकाश चालताना त्याला फारसे श्रम पडत नाहीत. खुर्चीतून उठताना, जिना चढताना, ओझे उचलताना आणि धावताना मात्र त्याच्यावाचून चालत नाही.

दुसरा गट बाजूचा. महास्नायूच्या आड नितंबाचे मध्यम आणि लघु असे दोन स्नायू असतात. ते मांडीचे हाड आणि श्रोणीची बाहेरची बाजू यांना जोडतात. आपण दोन पायांवर चालतो असे म्हणतो खरे. परंतु चालण्याच्या सुमारे चार पंचमांश वेळात आपले एकच पाऊल जमिनीवर असते. त्या क्षणी श्रोणीची दुसरी बाजू खाली कलू नये, म्हणून टेकलेल्या पायाकडचे हे दोन स्नायू तिला धरून ठेवतात. एका पायावर उभे असताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो, तो मुख्यतः या स्नायूंच्या ओढीमुळेच. हे स्नायू दुबळे झाले, की माणूस दर पावलाला एका बाजूला झुकतो. जर्मन शल्यवैद्य फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली या चालीची मीमांसा केली. एका पायावर उभे करून श्रोणी कलते की नाही हे पाहण्याची चाचणी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

तिसरा गट पुढचा. कमरेच्या मणक्यांपासून निघून, पोटाच्या मागच्या भिंतीवरून उतरत, जांघेतून मांडीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्याला चिकटणारा लांब कटिस्नायू आणि त्याचा जोडीदार हे मांडी वर उचलतात. उंबरठा ओलांडताना पाऊल पुरेसे उचलले जाते, ते यांच्यामुळे. थोडक्यात सांगायचे, तर मागचा गट आपल्याला उठवतो, बाजूचा पडू देत नाही आणि पुढचा पाऊल टाकायला लावतो.

३. बसलेल्या शरीरात काय घडते

आता खुर्चीत बसलेल्या माणसाकडे पाहू. त्याच्या नितंबाच्या स्नायूंतील विद्युत्-स्पंदनांची नोंद घेतली, तर ती जवळजवळ शून्यावर असते. सर्वांत मोठा स्नायू उशीसारखा दाबला गेलेला असतो, आणि त्याच वेळी पुढचा कटिस्नायू आखूड अवस्थेत असतो. दिवसातील आठ-दहा तास असे जात असतील, तर या दोहोंवर परिणाम होणे स्वाभाविक आहे.

स्नायू ही एकदा बांधून झालेली इमारत नव्हे. त्यातील प्रथिनांची मोडतोड आणि नवी बांधणी अहोरात्र चालू असते. स्नायूला काम मिळाले, की बांधणी वाढते. काम थांबले, की बांधणी मंदावते. मोडतोड मात्र चालूच राहते. स्नायूचे तंतू बारीक होतात. दीर्घ काळ असे चालले, की तंतूंच्या मधल्या जागेत चरबी साठू लागते. घरात पडण्याचा प्रसंग आलेल्या वृद्धांची पाहणी केली असता, त्यांच्या नितंबस्नायूंत न पडलेल्या वृद्धांपेक्षा चरबीचे प्रमाण अधिक असल्याचे आढळले आहे. म्हणजे स्नायूचा बाहेरचा आकार तेवढाच दिसला, तरी आतला ऐवज बदललेला असू शकतो.

आखूड अवस्थेचे काय होते, याविषयी १९७२ साली मांजरांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. पोटरीचा एक स्नायू आखूड राहील अशा रीतीने प्लास्टर घातले, तेव्हा काही आठवड्यांत त्या स्नायूच्या तंतूंतील एकापुढे एक जोडलेले घटक सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. स्नायूने आपली लांबीच त्या स्थितीशी जुळवून घेतली. प्लास्टर काढल्यावर चार आठवड्यांत ते घटक पुन्हा पूर्ववत झाले. खुर्चीत बसणाऱ्या माणसाला कोणी प्लास्टर घातलेले नसते. तो मधूनमधून उठतोही. त्यामुळे मांजराचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे. तथापि जी माणसे दीर्घ काळ बसतात आणि फारसा व्यायाम करीत नाहीत, त्यांची मांडी मागे जाण्याचा आवाका कमी असल्याचे पाहण्यांतून दिसते.

हा आवाका पाहण्याची सोपी रीत आहे. पलंगावर उताणे झोपून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरावा. दुसरी मांडी पलंगाला टेकलेली राहिली, तर ठीक. ती आपोआप वर उचलली गेली, तर त्या बाजूचा पुढचा स्नायू आखडला आहे असे समजावे. मांडी मागे जाईना, की चालताना पाऊल आखूड पडते, माणूस कमरेतून पुढे वाकतो आणि कमरेच्या मणक्यांवर ताण येतो. आपण त्याला ‘म्हातारपणाची चाल’ म्हणतो. त्यातला काही भाग म्हातारपणाचा असतो आणि काही भाग खुर्चीचा.

४. अंथरुणाचे दिवस

खुर्चीपेक्षा अंथरूण अधिक वेगाने काम करते. खुर्चीतला माणूस निदान दिवसातून काही वेळा उठतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या स्नायूंना शरीराचे वजन पेलण्याचे कामच उरत नाही. निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम अंथरुणावर ठेवून याचा अभ्यास झालेला आहे.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते. त्यांच्या पायांतील चरबीविरहित भाग जवळजवळ एक किलोने घटला आणि गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाली. ही माणसे आजारी नव्हती. आजारात ताप, सूज आणि अन्नावरची वासना उडणे यांची भर पडते, म्हणून रुग्णाची हानी याहून अधिक होते. माझ्या अक्काचे बारा दिवस आणि त्यावर पाच आठवडे मी जेव्हा या आकड्यांशेजारी ठेवून पाहिले, तेव्हा तिचे ‘पायच ऐकत नाहीत’ हे वाक्य मला नव्याने कळले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अंथरुणावर सर्व स्नायू सारखे खंगत नाहीत. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध आपल्याला उभे धरणारे, म्हणजे पोटरीचे, मांडीच्या पुढचे, नितंबाचे आणि कण्यालगतचे स्नायू आधी खंगतात. शरीराला पुढे वाकविणारे स्नायू त्या मानाने टिकून राहतात. म्हणजे दीर्घ विश्रांतीनंतर माणूस केवळ दुबळा होत नाही, त्याचा तोलही बिघडतो. त्याशिवाय ताकद ही स्नायूच्या आकारापेक्षा आधी आणि अधिक घटते. कारण मेंदूकडून स्नायूला जाणारी आज्ञाही मंदावलेली असते.

५. विश्रांती नावाचे औषध

विश्रांतीवर आपला एवढा विश्वास का, याचाही थोडा इतिहास आहे. बैठ्या कामाचे दुष्परिणाम जुन्या लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात शिंपी, चांभार अशा बसून काम करणाऱ्यांचा स्वतंत्र विचार केला आणि निदान सुटीच्या दिवशी तरी त्यांनी शरीराला व्यायाम द्यावा असे सांगितले. शब्दांच्या अभ्यासकाला मौज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, मांडीवरून तिरपा जाणारा जो शरीरातील सर्वांत लांब स्नायू आहे, त्याचे लॅटिन नावच शिंप्यावरून पडलेले आहे. कारण मांडी घालून बसताना तो कामाला येतो.

परंतु एकोणिसाव्या शतकात विश्रांती हे मोठे औषध ठरले. लिव्हरपूलचे शल्यवैद्य ह्यू ओवेन थॉमस यांचा सांध्याच्या रोगांत सक्तीच्या, अखंड आणि दीर्घ विश्रांतीवर भर होता. क्षयाने सांधे सडत, प्रतिजैविके नव्हती, अशा काळात त्यांच्या म्हणण्याला आधारही होता. योगायोग असा, की पलंगावर गुडघा छातीशी धरून पाहण्याची जी चाचणी मी मघाशी सांगितली, ती याच थॉमस यांच्या नावाने ओळखली जाते. विश्रांतीचा पुरस्कर्ता म्हणून गाजलेल्या वैद्याची चाचणी आज आपण बसून-बसून आखडलेला खुबा ओळखण्यासाठी वापरतो!

१९४७ साली रिचर्ड ॲशर या ब्रिटिश वैद्यांनी अंथरुणाला खिळण्याच्या धोक्यांवर एक लेख लिहून या विश्वासाला जाहीर धक्का दिला. तेव्हापासून वैद्यकाची दिशा हळूहळू पालटली. आज खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाला शस्त्रक्रियेनंतर, प्रकृती साथ देत असेल तर, दुसऱ्याच दिवशी उभे करतात. वैद्यक बदलले, आपल्या घरांतील शिष्टाचार मात्र अजून बदललेला नाही. वडीलधाऱ्या माणसाला हलू न देणे हीच सेवा, असे आपण मानतो. सून सासूबाईंच्या हातची परडी काढून घेते, नातू आजोबांचा चष्मा आणून देतो, समारंभात वृद्धांसाठी पहिल्या रांगेत मऊ कोच मांडतात. प्रत्येक कृती प्रेमाची आहे. आणि प्रत्येक कृतीने त्या माणसाचे दिवसातील एक उठणे कमी होते.

६. आपले जमिनीवर बसणे

यावर कोणी म्हणेल, खुर्ची ही परकी वस्तू. आपण मांडी घालून बसणारे लोक, आपल्याला ही भीती कशाला? यात तथ्य आहे, पण थोडे. टांझानियातील हाड्झा या शिकारी-संग्राहक जमातीचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ही माणसे दिवसाचे जवळजवळ दहा तास विश्रांतीतच घालवतात, म्हणजे आपल्याइतकाच वेळ. फरक इतकाच, की त्यांची बरीचशी विश्रांती उकिडवे किंवा गुडघे टेकून बसण्यात जाते, आणि त्या स्थितीत पायांचे स्नायू खुर्चीतल्यापेक्षा अधिक जागे असतात. आपली खुरमांडी, उकिडवे बसणे, चुलीपुढे, पाटावर, पंगतीत बसणे हे सारे याच जातीचे होते.

परंतु मांडी घालून तासन्‌तास पत्ते खेळणाऱ्याचे नितंब काही काम करीत नसतात. जमिनीवर बसण्याचा खरा लाभ बसण्यात नसून खाली जाण्यात आणि पुन्हा उठण्यात आहे. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वर्षे वयाच्या २००२ माणसांना जमिनीवर बसून उठायला सांगितले आणि हात, गुडघा किती वेळा टेकावा लागतो हे मोजले. पुढील काही वर्षांत, ज्यांना अधिक आधार लागला होता, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. हात टेकल्याने कोणी मरत नाही, हे उघड आहे. उठण्याची क्रिया ही ताकद, लवचिकता आणि तोल या तिघांची एकत्र परीक्षा आहे, इतकाच त्याचा अर्थ. आपल्या घरांतून पाट गेला, जमिनीवरची पंगत गेली, शौचकूपही खुर्चीचा झाला. गुडघे दुखणाऱ्यांची त्यात सोय झाली, हे मान्य. पण कोणी न सांगता दिवसातून दहा-पंधरा वेळा होणारी ती परीक्षा बंद पडली.

७. विस्मरण नव्हे

अलीकडे व्यायामाच्या क्षेत्रात एक शब्दप्रयोग रूढ झाला आहे. त्याचे मराठी करायचे, तर ‘नितंबांचे विस्मरण’ असे होईल. सतत बसल्याने हे स्नायू आपले काम विसरतात, असे त्यातून सुचवायचे असते. भाषेचा विद्यार्थी म्हणून मला हा शब्द दिशाभूल करणारा वाटतो. निरोगी माणसात त्या स्नायूकडे जाणारी मज्जा शाबूत असते. बसून राहिल्याने ती तुटत नाही. स्नायू विसरलेला नसतो; त्याला कोणी काम सांगितलेले नसते.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसांना हा भेद चटकन कळावा. आपल्या घरांतील कित्येक मुलांना मराठी समजते, पण ती बोलत नाहीत. त्यांची मराठी मेलेली नसते. आजीने हट्टाने मराठीतूनच विचारले, की अडखळत का होईना, उत्तर मराठीत येते. आणि रोज विचारले, तर अडखळणेही कमी होते. स्नायूचेही असेच आहे.

८. नव्वदीतले उत्तर

हे केवळ रूपक नाही, याला पुरावा आहे. १९९० साली बॉस्टन येथील एका शुश्रूषागृहातील दहा वृद्धांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ९० होते. मांडीच्या पुढच्या स्नायूंना वजनाचा व्यायाम आठ आठवडे, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, देण्यात आला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. मांडीच्या स्नायूंचा आकार वाढला, चालण्याचा वेग सुधारला आणि दोघांनी चालताना काठी वापरणे सोडले. नव्वदाव्या वर्षी! मात्र त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्षही सांगितला पाहिजे : व्यायाम थांबविल्यावर चार आठवड्यांत कमाल ताकद ३२ टक्क्यांनी घटली. म्हणजे मिळविलेले बळ ठेवीसारखे पडून राहत नाही.

माझा स्वतःचा अनुभव याहून लहान आहे. २०२० च्या टाळेबंदीत एका संपादनाच्या कामाने मला वर्षभर खुर्चीला खिळवले. २०२१ च्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाला जमिनीवर बसलो आणि उठता येईना. नातवाने हात दिला. सगळे हसले, मीही हसलो. पण मला पलंगाच्या कडेला बसलेली अक्का दिसली. दुसऱ्या दिवशी मी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी मला औषध दिले नाही, यंत्र लावले नाही, एक लाकडी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, “सर, हात न लावता उठा.” मला तीनदा जमले. चौथ्यांदा नाही.

९. करावे काय

त्यांनी शिकविलेले चार व्यायाम सांगतो. खुब्याचे किंवा गुडघ्याचे कृत्रिम सांधे बसविलेल्यांनी, हाडे ठिसूळ झालेल्यांनी, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि जांघेत तीव्र वेदना असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

पहिला : भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीत पुढच्या कडेवर बसावे, पावले थोडी मागे घ्यावीत, हात छातीवर ठेवून पुढे झुकावे आणि उठावे, मग सावकाश बसावे. धपकन बसणे नाही. जमत नसेल, तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी ती काढावी. दुसरा : स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून सरळ उभे राहावे आणि एक पाय बाजूला उचलावा, कंबर कलू देऊ नये. तिसरा : उताणे झोपून, गुडघे दुमडून, कंबर सावकाश वर उचलावी, योगाभ्यासातील सेतुबंध तो हाच. चौथा : भिंतीला हात लावून एक पाय पुढे, एक मागे ठेवावा आणि मागच्या पायाच्या जांघेत हलका ताण येईपर्यंत कंबर पुढे न्यावी, अर्धा मिनिट थांबावे. प्रत्येक व्यायाम आठ-दहा वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. स्नायू भरून येणे चालते. सांध्यात कळ येणे चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांवरील माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा आणि तीन दिवस तोलाचा व्यायाम सांगितला आहे. कमाटीबागेत सकाळी फेऱ्या मारणारे माझे मित्र मला विचारतात, “एवढे चालतो, ते पुरे नाही का?” चालणे उत्तमच. पण सपाट रस्त्यावर नितंबाचा महास्नायू फारसा कामाला लागत नाही, हे मघाशी पाहिले. त्यांनी एखादा जिनाही चढावा.

आणि घरात कोणी अंथरुणावर असेल, तर डॉक्टरांना रोज एक प्रश्न विचारा : “आज यांना किती वेळ बसवू, किती वेळ उभे करू?” परवानगी मिळताच जेवण खुर्चीत द्या, पावले जमिनीला टेकवा, न्हाणीघरापर्यंत धरून न्या. आहारात डाळ, दूध, अंडे यांपैकी जे चालत असेल ते पुरेसे द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर तेही विचारून. रात्रीच्या वाटेवर दिवा ठेवा. सेवा सोडा असे मी म्हणत नाही. सेवेची रीत बदला, इतकेच म्हणतो.

१०. समारोप

आमच्या शाळकरी दिवसांत खोड्या करणाऱ्या मुलाला उठाबशा काढायला लावणे ही सर्वत्र रूढ शिक्षा होती. कवायतीच्या सरांनी ती कधीच दिली नाही. एकदा वर्गशिक्षकांनी आम्हां चौघांना पन्नास उठाबशांसाठी त्यांच्याकडे पाठविले. सरांनी आमचे ऐकून घेतले, धोतराचा काचा मारला आणि आमच्या शेजारी उभे राहून आमच्याबरोबर बैठका काढल्या. नंतर म्हणाले, “ही शिक्षा नव्हे रे. शिक्षा म्हणून केलीत, तर मोठेपणी सोडून द्याल.” मी ती सोडलीच. पंचावन्न वर्षांनी फिजिओथेरपिस्ट बाईंच्या खुर्चीपुढे उभा राहिलो, तेव्हा मला हे वाक्य आठवले.

२०२२ च्या गणपतीत मी जमिनीवरून स्वतः उठलो, एक हात टेकून. आजही एक हात टेकावा लागतो. ते सांगताना मला कमीपणा वाटत नाही.

मित्रहो, ‘बसा, उठू नका’ हे वाक्य आपल्या भाषेतून जावे असे मला वाटत नाही. त्यातला आदर फार मोलाचा आहे. पण घरातल्या वृद्ध माणसाने उठण्यासाठी हात टेकलेले पाहाल, तेव्हा त्याऐवजी “उठा, मी शेजारी उभा आहे” असे म्हणून पाहा. अक्काला मी ते म्हणू शकलो नाही.

पाऊण तास आपण सर्व बसून आहात. आता आभारप्रदर्शनापूर्वी, ज्यांना शक्य असेल त्यांनी खुर्चीला हात न लावता, सावकाश, उभे राहावे. सरांच्या स्मृतीला याहून योग्य वंदन मला सुचत नाही.